थ्री एम ६२०० हाफ फेस मास्क आणि ६००३ कार्ट्रिज: उत्पादन पर्यवेक्षकाच्या नजरेतून

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत, औषधांसाठी लागणारी इंटरमीडिएट (मधल्या टप्प्यातील रसायने) बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन पर्यवेक्षक आहे. पाळी हाती घेतल्यापासून ती पुढच्या पर्यवेक्षकाच्या स्वाधीन करेपर्यंत रिअ‍ॅक्टरचे तापमान, सेंट्रिफ्यूजचा (वेगाने फिरवून द्रव वेगळा करणाऱ्या यंत्राचा) भार, स्क्रबरमधील (सुटलेले वायू धुऊन घेणाऱ्या यंत्रातील) कॉस्टिकची तीव्रता आणि बॅचची नोंद यांच्याइतकीच आणखी एक जबाबदारी माझ्यावर असते: कोणत्या कामाला कोणत्या माणसाने नाकातोंडावर काय लावून जायचे, हे ठरवण्याची. गेली चार वर्षे आमच्या क्लोरिनेशन (रसायनात क्लोरीन जोडण्याच्या) विभागात थ्री एम कंपनीचा ६२०० हा हाफ फेस, म्हणजे फक्त नाक-तोंड झाकणारा, मास्क ६००३ या कार्ट्रिजसह, म्हणजे हवेतील वायू व वाफ शोषणाऱ्या डब्यांसह, वापरला जातो. हा मास्क मी स्वतः लावतो आणि इतरांनाही लावायला लावतो, म्हणून त्याचे परीक्षण मला दोन्ही बाजूंनी करता येते.

आमच्या कामाला हीच जोडी का लागते, ते आधी सांगायला हवे. या विभागात टोल्युइन द्रावकात थायोनिल क्लोराइडने क्लोरिनेशन होते. थायोनिल क्लोराइडला हवेतील ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. ड्रममधून डोझिंग टाकीत माल घेण्याची लाइन बंदिस्त असली आणि स्क्रबर चालू असला, तरी ड्रमचे बूच उघडून होज (नळी) जोडण्याच्या आणि काम झाल्यावर ती सोडवण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत धूर येतोच. पुढे सेंट्रिफ्यूज उघडून ओला केक (द्रावकाने भिजलेला घन माल) काढताना टोल्युइनची वाफ असते. म्हणजे एकाच माणसाला एकाच पाळीत आम्लधर्मी वायू आणि सेंद्रिय वाफ या दोन्हींपासून संरक्षण लागते. पिवळ्या पट्टीचे ६००३ कार्ट्रिज नेमके या दोन्हींसाठी आहे. केवळ सेंद्रिय वाफेसाठी काळ्या पट्टीचे ६००१ आणि अमोनिया व मिथिलअमाइनसाठी हिरव्या पट्टीचे ६००४ मिळते. रंगावरून ओळख पटण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण रात्रपाळीला कमी उजेडात कार्ट्रिजवरील बारीक इंग्रजी अक्षरे हेल्परने वाचावीत अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. पट्टी मात्र लांबूनही दिसते.

मास्क हातात घेतल्यावर हलका लागतो. कार्ट्रिज दोन्ही बाजूंना बसतात आणि पाव आटा फिरवला की पक्की होतात. चष्मा लावणाऱ्यांना त्याची अडचण होत नाही. मात्र डोळे उघडेच राहतात, आणि हायड्रोजन क्लोराइड डोळ्यांना झोंबतो. म्हणून होज जोडणाऱ्या ऑपरेटरला आम्ही आता हाफ फेस मास्क देत नाही. त्याला त्याच कंपनीचा ६८०० हा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क देतो. या दोन्ही मास्कना कार्ट्रिज तीच बसतात, त्यामुळे स्टोअरमध्ये वेगळा साठा ठेवावा लागत नाही.

हा मास्क किती पुरतो याचा हिशेब प्रत्येक पर्यवेक्षकाने एकदा तरी स्वतः कागदावर मांडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. नीट बसलेल्या हाफ फेस मास्कचा संरक्षण गुणांक १० धरला जातो, म्हणजे बाहेरच्या वाफेचा दहावा भागच आत येतो असे मानतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती. दहाने गुणले की १,००० पीपीएम येतात आणि मन निश्चिंत होते. परंतु अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने टोल्युइनची, जिवाला तात्काळ धोका मानण्याची, पातळी ५०० पीपीएम ठरवली आहे आणि त्या पातळीच्या हवेत असा मास्क लावून कोणीही जायचे नसते. म्हणून खरी कमाल मर्यादा ५०० च्या खालीच थांबते. हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असेल, तर हा मास्क काहीच उपयोगाचा नाही, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू पुरवत नाही. आमच्या रिअ‍ॅक्टरवर नायट्रोजनचे आवरण असते, म्हणजे आत प्राणवायू कमी असतो. धुण्यासाठी वा दुरुस्तीसाठी आत उतरायचे असेल, तर सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र हवे किंवा श्वसन-उपकरण आणि दोरीला बांधलेला पट्टा हवा आणि दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती हवे, हे १९४८ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३६ मध्येच होते. तरीही कार्ट्रिजचा मास्क लावून मॅनहोलमध्ये डोके घालणारी माणसे मी पाहिली आहेत. मास्क लावला की सुरक्षित झालो, हा समज मास्कइतकाच घट्ट बसलेला असतो आणि तो काढण्याचे काम पर्यवेक्षकाचेच आहे.

शेजारच्या विभागात एक्स्ट्रॅक्शनसाठी मिथिलिन डायक्लोराइड वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ४० अंश सेल्सियस आहे आणि इतके लवकर उडणारे द्रावक कार्ट्रिजमधील सक्रिय कोळशात टिकून राहत नाही, थोड्याच वेळात पलीकडे निघते. अमेरिकेच्या १९९७ च्या नियमांत या द्रावकासाठी कामाच्या वेळी कार्ट्रिजचा हाफ फेस मास्क मान्यच नाही; तेथे बाहेरून हवा पुरवणारी एअरलाइन लागते. मिथेनॉललाही हा कोळसा नीट धरत नाही. ‘सॉल्व्हंटचा मास्क’ असे सरसकट नाव घेऊन तो एका विभागातून दुसऱ्या विभागात उसना नेण्याची पद्धत मी या कारणासाठी बंद केली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले, त्या कार्ट्रिजच्या आयुष्याकडे वळतो. ६००३ कार्ट्रिज संपल्याची कोणतीही खूण ते स्वतः देत नाही. रंग बदलत नाही आणि श्वास घेणेही जड होत नाही. वास येऊ लागला की बदलावे, असे जुने लोक सांगत आणि मीही पहिली काही वर्षे तसेच करत होतो. पण वास येतो म्हणजे वाफ आत आलेली असते. शिवाय सतत वासात राहिलेल्या नाकाला टोल्युइनचा वास जाणवेनासा होतो. अमेरिकेच्या १९९८ च्या श्वसन-संरक्षण नियमाने वासावर विसंबण्याची पद्धत मोडीत काढली आणि ठरावीक वेळापत्रकानुसार कार्ट्रिज बदलणे बंधनकारक केले, ते याच कारणाने.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये सेंट्रिफ्यूजवरच्या हेल्परने मास्कमधून वास येतो अशी तक्रार केली. पाहिले तर कार्ट्रिज सहा आठवड्यांपूर्वी उघडलेली होती आणि पाळी संपल्यावर मास्क चेंजिंग रूममधल्या खिळ्याला तसाच टांगला जात होता. कोकणातल्या पावसाळ्यात त्या खोलीतल्या भिंतींना ओल असते. सक्रिय कोळसा हवेतली आर्द्रता शोषतो आणि तेवढी त्याची वाफ धरण्याची ताकद कमी होते. म्हणजे कोणी तो मास्क लावलेला नसतानाही कार्ट्रिज रोज थोडी थोडी खर्च होत होती. यात उत्पादनाचा दोष नव्हता. वापराची नोंद ठेवण्याची पद्धतच आमच्या विभागात नव्हती आणि ती घालणे माझे काम होते. त्या आठवड्यात मी एक वही घातली. कार्ट्रिजच्या पाकिटाची सीलबंद पिशवी फोडताना मार्करने तारीख व पाळी कार्ट्रिजवरच लिहायची, काम झाले की मास्क पुसून झिपच्या पिशवीत ठेवायचा आणि किती तास वापरला ते वहीत टाकायचे. क्लोरिनेशनच्या कामाला आम्ही एक पाळी हीच मर्यादा धरली. सेंट्रिफ्यूजसाठी हवेतील मोजणीवरून सुरक्षा विभागाने वेळापत्रक ठरवून दिले आणि जून ते सप्टेंबर ते आणखी आखूड केले. खर्च वाढला, हे खरे आहे. मास्क एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. पैसा लागतो तो कार्ट्रिजला, आणि इंडेंट (मागणीपत्र) मंजूर करून घेताना खरेदी विभागाला हे समजावून सांगावे लागते.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसणे हे दुसरे मोठे काम. ६१०० लहान, ६२०० मध्यम आणि ६३०० मोठा असे तीन आकार आहेत, पण अनेक कारखान्यांत एकच मध्यम आकार मागवला जातो. आमच्याकडे पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेल्या आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेटने चाचणी घेतली, तेव्हा बऱ्याच जणांना मध्यम मास्कमधूनही केळ्याचा वास आला. निमुळत्या चेहऱ्याच्या दोन मुलांना लहान आकार दिल्यावर तो थांबला. रोजची तपासणी सोपी आहे: उच्छ्वासाच्या झडपेवर तळहात ठेवून हलकेच श्वास सोडायचा, मग कार्ट्रिजवर हात दाबून श्वास आत घ्यायचा, मास्क फुगून किंवा आत ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. श्रावणात दाढी न करणारे आमच्याकडे बरेच आहेत. चार दिवसांची खुंटेही रबराखालून वाट करून देतात. मी त्यांच्या श्रद्धेबद्दल एक शब्द बोलत नाही. त्या महिन्यापुरते त्यांना युटिलिटी (वाफ, पाणी, वीज पुरवणारा विभाग) किंवा पॅकिंगकडे लावतो आणि त्याची आखणी आषाढातच करून ठेवतो.

या मास्कमधून बोललेले नीट ऐकू जात नाही, ही मला जाणवलेली सर्वांत त्रासदायक मर्यादा आहे. हाफ फेस प्रकारच्या बहुतेक मास्कबद्दल असेच म्हणावे लागेल. सेंट्रिफ्यूजच्या आवाजात एकमेकांना काही सांगायचे झाले की माणूस मास्क हनुवटीखाली ओढतो, बोलतो आणि पुन्हा वर करतो, आणि तेवढ्यात दोन-चार श्वास सरळ वाफेत जातात. आम्ही थांबवा, उघडा, भरला, मदत हवी अशा सहा-सात गोष्टींसाठी हातांच्या खुणा ठरवल्या आहेत.

देखभाल साधी आहे. कार्ट्रिज काढून मास्क कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पाणी ४९ अंश सेल्सियसहून गरम नसावे. एकदा एकाने टोल्युइनच्या फडक्याने मास्क पुसला आणि झडपेची पातळ चकती वाकडी झाली. ती चकती तेवढी बदलून मिळते. भुकटी चार्ज करताना (आत टाकताना) ६००३ एकटे पुरत नाही, कारण ते धूळ अडवत नाही. त्यावर ५०१ च्या झाकणाने ५एन११ फिल्टर बसवावे लागते. खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करावी आणि पाकिटावरची मुदत माल उतरवतानाच तपासावी.

या जोडीला मी माझ्या विभागासाठी पसंती देतो आणि पुढच्या तिमाहीचा इंडेंट तिचाच टाकला आहे. मध्यम आकाराबरोबर लहान चार व मोठे दोन मास्क, पावसाळ्याचा हिशेब धरून वाढवलेली कार्ट्रिज, झडपेच्या चकत्यांचा एक संच, झिपच्या पिशव्या आणि एक नवी वही, एवढे त्यात आहे.