मर्सी ओटिस वॉरन: काही महिने सोबत काढल्यानंतर

बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून मर्सी ओटिस वॉरन हे नाव अधूनमधून कानावर पडायचं, तेही ‘जेम्स ओटिसची बहीण’ (हा ब्रिटिश सत्तेला आव्हान देणारा बॉस्टनचा वकील) किंवा ‘अ‍ॅडम्स कुटुंबाची मैत्रीण’ एवढ्यापुरतंच. गेल्या हिवाळ्यात त्यांचं मिळेल ते वाचायला घेतलं आणि उन्हाळा सरेपर्यंत ते पुरलं. उपहासनाटकं, दोन शोकांतिका, कविता, अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेविरुद्धचं एक पत्रक आणि १८०५ साली निघालेला अमेरिकन क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास. एवढं झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: मर्सीबाईंना सज्जन पुरुष रंगवता येत नाहीत. लबाड माणूस हाती लागला की मात्र लेखणीला धार चढते. त्यांचं काय वाचावं आणि काय खुशाल सोडून द्यावं, हे यावरूनच ठरवा.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १७२८, केप कॉडवरचं बार्नस्टेबल. तेरा भावंडांत मुलींमधल्या थोरल्या. मुलींनी शिकायची पद्धत नव्हती, पण भावांना शिकवणाऱ्या पाद्रीबुवांसमोर त्याही बसल्या. पुढे भाऊ हार्वर्डला गेला, या घरी राहिल्या. १७५४ मध्ये जेम्स वॉरनशी लग्न, प्लिमथला संसार, पाच मुलगे. पहिलं नाटक छापून आलं १७७२ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आणि तेही निनावी.

आता यातली गंमत. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० च्या कायद्यानं नाटकाच्या प्रयोगांवर बंदी होती आणि ती १७९३ पर्यंत टिकली. म्हणजे जिथे रंगमंचच नाही, अशा वसाहतीत बसून बाई नाटकं लिहीत होत्या. ती वर्तमानपत्रांत छापली जायची. त्यामुळे ‘यात काही घडतच नाही, नुसते बोलतात’ ही तक्रार खरी असली तरी फारशी उपयोगाची नाही. ही नाटकं म्हणजे संवादात लिहिलेले अग्रलेख. तसं समजून वाचलं की अर्धा वैताग जातो.

सगळा नाही. ‘द अ‍ॅड्युलेटर’ वाचताना माझी खरी दमछाक झाली. अप्पर सर्व्हिया नावाचा कल्पित देश, तिथला जुलमी राज्यकर्ता रापाशिओ, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा राजानं नेमलेला गव्हर्नर थॉमस हचिन्सन, आणि त्याच्यासमोर स्वातंत्र्यावर लांबलचक भाषणं करणारा ब्रूटस, म्हणजे बाईंचा भाऊ. रापाशिओ बोलायला लागला की पानं पटापट उलटतात, ब्रूटस आला की डोळे मिटायला लागतात. शिवाय १७७३ च्या पुस्तिकेत कुणा दुसऱ्यानंच मजकूर घुसडला आहे, त्यामुळे गोष्ट आणखी विस्कटते. त्यानंतरचं ‘द डिफीट’ तुटक आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पैसे वसूल होतात ते ‘द ग्रुप’मध्ये. १७७५ च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रात आलं, स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची गोळीबारी व्हायच्या थोडं आधी. ते छापायची सोय पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांनी केली. तोवर विधानसभा निवडून देत असलेलं गव्हर्नरचं सल्लागार मंडळ १७७४ च्या ब्रिटिश कायद्यानं मोडलं गेलं आणि सदस्य थेट राजाकडून नेमले जाऊ लागले. त्या नेमणुका स्वीकारणारे प्रतिष्ठित लोक हाच या नाटकाचा विषय. इथे ब्रूटसबिटस कोणी नाही. सगळेच एकाहून एक चालू. सरन्यायाधीश पीटर ऑलिव्हर झाले हेझलरॉड, टिमथी रगल्स झाले ब्रिगेडियर हेटऑल. शिवाय हम हम्बग, सिम्पल सॅपलिंग, क्रस्टी क्रोबार. तेव्हाच्या बॉस्टनकरांना कोण कोण ते सांगावं लागलं नसणार.

पात्रपरिचयापासूनच बाई सुटल्या आहेत. या टोळीमागे दरबारी खुशामतखोरांचे थवे टोळधाडीसारखे रंगमंचावर घिरट्या घालतात, शेवटी एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात बारुदाची कुपी घेतलेला एकजण येतो, आणि सगळ्यांच्या पाठीशी ‘ब्लंडरलँड’चं, म्हणजे ब्रिटनचं, बलाढ्य सैन्य नि आरमार, आपल्याच जिवलग मित्रांना गुलाम करण्याच्या स्तुत्य हेतूनं! हे कुठल्या रंगमंचावर दाखवणार? पण वाचताना हसू आवरत नाही. दुसऱ्या अंकाची मांडणीही पाहा. मोठं जेवणघर, टेबलावर बाटल्या, पेले आणि पत्ते. कोपऱ्यात अभ्यासू मंडळींसाठी पुस्तकांचं छोटंसं कपाट. त्यात राजाच्या निरंकुश सत्तेची बाजू घेणारा हॉब्जचा ‘लेव्हायथन’, हचिन्सनने लिहिलेला इतिहास, स्टुअर्ट राजांची चरित्रं, १७७४ चे पार्लमेंटचे कायदे, आणि या सगळ्यांत गपचूप खोवलेलं हॉइलचं पत्त्यांच्या खेळावरचं पुस्तक. एकही संवाद न लिहिता फक्त कपाटावरून माणसं उघडी पाडली आहेत.

आमच्या इथल्या तीन-चार मराठी मंडळींनी एका संध्याकाळी हे नाटक मोठ्यानं वाचलं. माझी शिफारसही हीच: मनात वाचू नका. इंग्रजी निर्यमक पद्य जुनं आहे, पण भूमिका वाटून घेतल्या की ठेका सापडतो. सॅपलिंग राजाच्या सैनिकांना राहायला स्वतःचं घर द्यायला निघतो, तिथपर्यंत सगळे हसत होते. मग घरातल्या बायकोचं काय, हा विषय निघतो. हेटऑल म्हणतो, बायकांच्या रडण्याचं काय घेऊन बसलात. आपण बायकोची थैली हाती आल्यावर तिचा ताठा कसा मोडला, तेही तो फुशारकीनं सांगतो. शब्दांनी भागत नसेल तर हिकरीच्या झाडाचा हिरवा फोक आहेच. हेटऑलचे संवाद वाचणाऱ्याचा आवाज इथे आपोआप उतरला. घरी जो हे करतो, तो देशाचं काय करील, हे बाई वेगळं सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. शेवटी पडदा पुन्हा उघडतो आणि या टोळीतल्याच एकाच्या जवळची एक स्त्री बोलते. सबंध नाटकात शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच, आणि तिला नावसुद्धा नाही.

एक इशारा द्यायला हवा. हचिन्सनबद्दल बाईंकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका. १७६० मध्ये सरन्यायाधीशपदावर बाईंच्या वडिलांची आशा होती, ते हचिन्सनला मिळालं. तिथून दोन घराण्यांचं बिनसलं. १७६९ मध्ये एका जकात अधिकाऱ्यानं बॉस्टनच्या कॉफी हाऊसमध्ये जेम्स ओटिसच्या डोक्यावर घाव घातले. भाऊ त्यातून पुरता सावरला नाही. नाटकांमधला राग नुसता तात्त्विक नाही. आणि नियतीचा फेरा असा की हचिन्सन देश सोडून गेल्यावर त्याचा मिल्टनचा बंगला १७८१ मध्ये वॉरन दांपत्यानंच विकत घेतला. काही वर्षं बाई तिथे राहिल्या. हा प्रवेश त्यांनी लिहिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

१७९० चा कवितासंग्रह हे त्यांच्या स्वतःच्या नावानं निघालेलं पहिलं पुस्तक, वॉशिंग्टन यांना अर्पण केलेलं. त्यात दोन शोकांतिका आहेत. ‘द सॅक ऑफ रोम’ लंडनच्या रंगभूमीवर यावं म्हणून त्यांनी अ‍ॅडम्सना गळ घातली होती. अ‍ॅडम्स तेव्हा तिथे राजदूत होते. इथे अमेरिकन माल खपत नाही, असं त्यांचं उत्तर आलं. खरं सांगायचं तर माल अमेरिकन नसता तरी खपला नसता. ‘द लेडीज ऑफ कॅस्टील’ मात्र वाचा, निदान मारियासाठी. नवरा गेल्यावर शहर लढवत ठेवणारी ही बाई आणि तिच्याभोवतीचे पुरुष यांतला फरक डोळ्यांत भरतो. बॉस्टनकरांनी करविरोधात चहा समुद्रात ओतल्यावर लिहिलेली जलपऱ्यांच्या भांडणाची कविता अ‍ॅडम्सच्या सूचनेवरून झाली. ग्रीक-रोमन देवतांची इतकी गर्दी की मी एकदाच वाचली.

सगळ्यांत जास्त काळ टिकला तो इतिहास. एकतीस प्रकरणं, आणि लढायांची वर्णनं सरळ चाळा. माणसांची वर्णनं येतात तिथे थांबा. नाटकातला हात गद्यात येतो आणि आरडाओरडा गळून पडतो. इतकी वर्षं पाठीराखा असलेल्या अ‍ॅडम्सबद्दलही त्या लिहितात, की त्यांच्या भावना आणि पूर्वग्रह कधीकधी त्यांच्या विवेकावर मात करीत, आणि राजेशाहीकडे त्यांचा कल झाला होता. १८०७ मध्ये अ‍ॅडम्सनी एकामागून एक संतापलेली पत्रं धाडली. बाईंनीही तेवढ्याच ठणकावून उत्तरं दिली. इतिहास हा बायकांचा प्रांत नव्हे, असं अ‍ॅडम्स पुढे राजकारणी मित्र एल्ब्रिज गेरी यांना लिहून मोकळे झाले. तरी १८१४ मध्ये ‘द ग्रुप’वर दुसऱ्याच कोणाचं नाव लागतंय असं दिसल्यावर बाईंनी मदत मागितली ती त्यांच्याकडेच. हे वृद्ध गृहस्थ बॉस्टनच्या अथेनियम ग्रंथालयात गेले आणि तिथल्या प्रतीवर लेखिका कोण, ते स्वतःच्या हातानं लिहून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लिमथला बाई वारल्या.

आता आवृत्त्यांचं. नाटकं-कवितांची १९८० ची प्रतिरूप आवृत्ती मोठ्या ग्रंथालयांत सापडते. इतिहास लिबर्टी फंडानं १९८८ मध्ये दोन खंडांत काढला आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. घ्यायचा तर हाच घ्या, अक्षर स्वच्छ आहे. नाटकांच्या मूळ छपाईची स्कॅन केलेली पानं टॅबवर वाचायला घेतलीत तर जुना लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे शब्द शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. नजर दोन-चार दिवसांत सरावते, शोधयंत्र सरावत नाही. आणि १७८८ चं राज्यघटनेविरुद्धचं पत्रक शोधत असाल तर लेखकाच्या रकान्यात मर्सी वॉरन टाकून थांबू नका. ते ‘अ कोलंबियन पेट्रिअट’ या टोपणनावानं निघालं आणि पुढे शंभरएक वर्षं गेरींच्या नावावर खपत राहिलं. जुन्या पुनर्मुद्रणांवर अजूनही त्यांचंच नाव आहे, तेव्हा तिथेही पाहा.