हलक्या आडव्या वाऱ्यासाठी कोड झिरो : लेक मिशिगनवरील शर्यतींच्या अनुभवातून एक परीक्षण

अमेरिकेतील लेक मिशिगन या विशाल तलावावर शिकागोहून मॅकिनॅक बेटापर्यंतची ३३३ मैलांची शिडाच्या बोटींची शर्यत १८९८ साली पहिल्यांदा झाली. आजही ती जुलै महिन्यात होते, म्हणजे लेक मिशिगनवर वारा वारंवार पडतो त्याच दिवसांत. मार्ग बहुतांशी उत्तरेकडे जाणारा असल्यामुळे पश्चिमेचा मंद वारा बोटीच्या कुशीवर येतो आणि तासन्‌तास रीचिंग, म्हणजे आडव्या वाऱ्यावर चालणे, करावे लागते. अशा वेळी कोणते शीड चढवावे, या प्रश्नावर आमच्या ३४ फुटी बोटीच्या चमूने गेल्या काही मोसमांत बराच विचार केला आणि अखेर कोड झिरो, म्हणजे हलक्या वाऱ्यासाठीचे मोठे, सपाट पुढचे शीड, शिवून घेतले. त्या शिडाचे हे परीक्षण आहे.

निवड करताना शिडाच्या क्षेत्रफळाआधी भासमान वाऱ्याचा, म्हणजे चालत्या बोटीवर प्रत्यक्ष जाणवणाऱ्या वाऱ्याचा, कोन पाहावा, असे माझे ठाम मत आहे. खरा वारा ६ नॉट असून बरोबर ९० अंशांवरून येत असेल आणि बोट ५ नॉटने चालत असेल, तर डेकवर जाणवणारा वारा सुमारे ८ नॉटचा आणि नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) अवघ्या ५० अंशांवर असतो. या कोनात नायलॉनच्या गोलाकार स्पिनेकरची (मागच्या वाऱ्यासाठीच्या फुगीर शिडाची) पुढची कड सतत कोसळते, तर नेहमीचा जेनोआ (डोलकाठीपुढचे मोठे त्रिकोणी शीड) उभा राहिला तरी पुरेशी ताकद देत नाही. खरा वारा १२० अंशांपर्यंत मागे सरकला आणि बोटीचा वेग थोडा उतरला, की भासमान वारा ७० अंशांच्या पलीकडे जातो, पण त्याचा जोर जेमतेम साडेपाच नॉट उरतो. तिथे हलक्या कापडाचा असिमेट्रिक, म्हणजे दोन्ही कडा असमान असलेला, स्पिनेकरच योग्य. कोड झिरोची जागा या दोहोंच्या मध्ये आहे आणि ती अनेकांना वाटते त्यापेक्षा अरुंद आहे.

या शिडाचा उगमच शर्यतीसाठी शिडे मोजण्याच्या नियमांतून झाला. १९९७-९८च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत पॉल केयार्ड यांच्या ‘ईएफ लँग्वेज’ या विजेत्या बोटीने हलक्या वाऱ्यात ते प्रभावीपणे वापरले. काम जेनोआचे, पण मोजणी स्पिनेकरची, अशी ती योजना होती. स्पिनेकर म्हणून मोजले जाण्यासाठी शिडाची मधली रुंदी तळाच्या रुंदीच्या किमान ७५ टक्के असावी लागते. वाऱ्याच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या सपाट शिडाला एवढी रुंदी नको असते, त्यामुळे मागची कड सैल पडून फडफडते. आमच्या शिडाचा हाच मुख्य दोष आहे. रात्री तलावाच्या पूर्व किनाऱ्यावरील पॉइंट बेट्सीजवळ टॉर्चचा झोत टाकून पाहिले, तेव्हा वरच्या तिसऱ्या भागात कडेची हातभर पट्टी अखंड थरथरत होती. लीचची, म्हणजे मागच्या कडेतली, बारीक दोरी ताणली की थरथर थांबे, पण कड आत वळून वारा अडे. त्यातच त्या दोरीचा चिमटा पहिल्याच मोसमात घसरू लागला. शीड शिवणाऱ्या कारखान्याने, म्हणजे लॉफ्टने, तो विनामूल्य बदलून दिला, मात्र त्यासाठी शर्यतीआधीचा मोलाचा आठवडा गेला. वेगवेगळ्या बोटींना समान पातळीवर आणणाऱ्या ओआरसी या रेटिंग पद्धतीत आता ७५ टक्क्यांहून अरुंद, मोकळ्या लफच्या (पुढची कड तारेला न जोडलेल्या) शिडाला हेडसेल, म्हणजे पुढचे साधे शीड, म्हणून वेगळे मोजता येते; नव्याने शिवणाऱ्यांनी दोन्ही प्रकारे रेटिंग, म्हणजे बोटीचा वेगांक, काढून घ्यावे आणि मगच कापडाला कात्री लावू द्यावी.

गुणांकडे वळायचे तर पहिला गुण उंचीचा आहे. जुलैमध्ये तलावाचे पाणी थंड आणि वरची हवा उबदार असते, त्यामुळे थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि पाण्यालगत वारा जवळजवळ मेलेला असताना डोलकाठीच्या टोकावर मात्र तो वाहत असतो, कित्येकदा वेगळ्या दिशेने. आमचा जेनोआ टोकापर्यंत पोहोचत नाही; कोड झिरो पोहोचते. पाणी आरशासारखे गुळगुळीत असताना वरची टेलटेल (वारा दाखवणारी शिडावरची दोऱ्याची शेपटी) आडवी झाली आणि बोट हळूहळू चालू लागली, की या शिडाचे सगळे पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. माझ्या मते लेक मिशिगनवर हे शीड घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि क्षेत्रफळाचे आकडे त्यापुढे गौण आहेत.

मात्र ते चालवायला शिस्त लागते. लफ सैल राहिली तर मधला भाग वाऱ्याखाली झुकतो आणि कोन लगेच बिघडतो. म्हणून हॅलियार्डला (शीड वर चढवणाऱ्या दोराला) दुहेरी पुली लावून ताण दुप्पट करण्याची सोय हवी, आणि बोस्प्रिटला (नाळेपुढे निघालेल्या दांड्याला) खालून धरणारा दोर मजबूत हवा. वारा मागे सरकला की हाच ताण थोडा सोडावा, म्हणजे लफ वाऱ्याकडे फुगते. शीट (शिडाचा कोपरा ओढणारा दोर) डायनीमा या हलक्या, मजबूत धाग्याची आणि बारीक घ्यावी, कारण ३ नॉट वाऱ्यात जाड दोराचे वजनच शिडाचा कोपरा खाली ओढते. चमूने वाऱ्याखालच्या बाजूला, मध्यभागी निश्चल बसावे. बोट किंचित कलली की शीड स्वतःच्या वजनाने आकार धरते. गुंडाळल्यावर ते तसेच वर टांगून ठेवू नये. वाऱ्याचा झोत आला की वरच्या टोकाशी ते उलगडते आणि मग खाली उतरवणे जिकिरीचे होते.

खरा वारा १० नॉटच्या वर गेला आणि तो पुढे असला, तर हे शीड तत्काळ गुंडाळावे. त्यानंतर बोट केवळ कलते, वेग वाढत नाही, आणि बाहेरून ओढलेल्या शीटचा जेनोआ अधिक चांगला चालतो. किंबहुना ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांनी आधी जेनोआच्या शीटला डेकच्या अगदी कडेपर्यंत नेणारा बार्बर हॉलर हा जोडदोर बसवावा. खर्च किरकोळ आहे आणि आडव्या वाऱ्यात जेनोआचा वरचा भाग निष्कारण उघडणे त्याने थांबते.

बंदराजवळच्या, बॉयांभोवतीच्या छोट्या शर्यतींसाठी मी कोड झिरोची शिफारस करणार नाही. तिथे बहुतेक टप्पे वाऱ्याविरुद्ध किंवा वाऱ्याबरोबर असतात आणि रेटिंगमधला दंड मात्र प्रत्येक शर्यतीत भरावा लागतो. लांब पल्ल्याच्या, रात्रभर चालणाऱ्या शर्यतींसाठी, विशेषतः ज्या बोटींचा जेनोआ डोलकाठीच्या टोकापर्यंत जात नाही त्यांच्यासाठी, ते अवश्य घ्यावे. नायलॉनऐवजी कमी ताणणाऱ्या हलक्या लॅमिनेटचे कापड निवडावे, आणि ऑर्डर देण्यापूर्वी नाळेवरची कडी व डोलकाठीच्या टोकाची पुली हा भार पेलू शकतात का, हे रिगरकडून (डोलकाठी व दोर बसवणाऱ्या कारागिराकडून) तपासून घ्यावे.