बिडाचा जुना लाकडाचा स्टोव्ह, सात महिने वापरून: तडा राहिला बाजूला, खरा घोळ दाराच्या दोरीचा

मागच्या आठवड्यात दाराची दोरी, म्हणजे हवा-धूर अडवायला दाराच्या कडेच्या खाचेत बसवतात ती जाड दोरी, पुन्हा सुटली आणि खोलीभर धूर झाला, म्हणून हे लिहायला बसले. आणला तेव्हा या स्टोव्हच्या डाव्या प्लेटला वीतभर तडा होता, आतली जाळी मधोमध खचलेली, कंपनीची पाटी गायब, आणि गंज तर विचारूच नका.

तेव्हा सगळं लक्ष त्या तड्यावर. आधी मागच्या कडेला कानस मारून बघितली, काळी भुकटी पडली म्हणजे बीड, पोलाद असतं तर चकचकीत कीस निघाला असता. मग बाहेरून खडू फासला आणि आतून रॉकेल लावलं, थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटत गेली, तडा डोळ्यांना दिसत होता त्याच्या चार बोटं पुढपर्यंत. वेल्डिंग करून टाक असं सगळे सांगत होते, पण बीड आधी सबंध तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा, मग अगदी हळू थंड होऊ द्यायचं, नाहीतर वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. तेवढा खर्च जिवावर आला. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, रॉकेल पूर्ण काढून फायर सिमेंट (आच सोसणारं सिमेंट) भरलं, पहिले काही जाळ अगदी लहान केले. सात महिन्यांत तडा केसभरही सरकलेला नाही.

बिजागऱ्यांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढला, मोकळ्या हवेत. बिजागरी निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला. तिथे स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

आता दोरी. जुनी दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते, त्यामुळे कोरडी खरवडायची नाही, पाणी मारून, मास्क लावून काढायची. इथपर्यंत मी नीट केलं. पण खाच होती 10 मिमीची आणि मी पैसे वाचवायला 6 मिमीची दोरी बसवली. हवेची झडप पूर्ण बंद असूनही एका रात्री लाकडं भडाभडा पेटली आणि बाजूची प्लेट मंद लाल दिसायला लागली. मी घाबरले. दारातून हवा आत शिरत असेल तर झडप बंद करून काही उपयोग नाही, जाळ आपल्या हातात राहतच नाही. मला तर आता वाटतं जाळी खचली आणि प्लेट तडकली ती यामुळेच, म्हणजे मी आजाराचं सोडून जखमेचंच बघत बसले होते.

मग 10 मिमीची आणली. पहिल्यांदा बसवताना ताणली म्हणून ती बारीक झाली आणि निघाली, दुसऱ्यांदा न ताणता बसवली तरी निघाली. या वेळी दार उतरवून आतून काजळी घासली तर कोपऱ्यात ओतीव अक्षरं सापडली. मागच्या प्लेटवर, जाळीवर, राखेच्या ट्रेवर, सगळीकडे भागाच्या नंबरच्या आधीची अक्षरं एकच आणि दारावर वेगळी! दार दुसऱ्याच मॉडेलचं आहे. खाच चौकटीच्या कडेपेक्षा साधारण 3 मिमी खाली येत होती, दोरी अर्धीच दाबली जायची. जुना स्टोव्ह ओळखायचा तर पाटी शोधत बसू नका, प्रत्येक सुट्या भागाचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, आणि सुरुवात दारापासून करा. मी दाराचाच नंबर बघितला नव्हता.

बिजागरीच्या खिळीत वॉशर टाकून दार उचललं, खाच जुना गोंद जाईपर्यंत साफ केली, नवीन दोरी बसवली. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली की फाटते पण सुटत नाही, तीन बाजूंना तरी. आता झडप अर्धी फिरवली की जाळ लगेच बसतो आणि तेवढ्याच लाकडांत स्टोव्ह पहाटेपर्यंत कोमट राहतो, हे सुख मला आधी कधीच मिळालं नव्हतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात पट्टी अजून जराशी सरकते, तिथे या रविवारी आणखी एक पातळ वॉशर टाकून बघणार आहे.