कॅप्टन सिस्कोची पुसलेली नोंद

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकांच्या विश्वात अंतराळ दलातल्या कॅप्टनची खुर्ची हे सचोटीचे आसन मानले जाते. १९९२ साली प्रसारित झालेल्या एका भागात कॅप्टन पिकार्ड, अपघाताविषयी सत्य दडवणाऱ्या एका कॅडेटला, अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य सत्याशी असते, असे खडसावून सांगतो. सहा वर्षांनी, एप्रिल १९९८मध्ये, ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागात त्याच दलाचा कॅप्टन बेंजामिन सिस्को हे कर्तव्य पायरीपायरीने मोडतो. नेतृत्वाविषयी दूरचित्रवाणीवर इतके प्रामाणिक लेखन मी क्वचितच पाहिले आहे.

डोमिनियन या शत्रूसाम्राज्याशी चाललेल्या युद्धातील मृतांची यादी दर शुक्रवारी सिस्कोच्या अंतराळ स्थानकावर लागते आणि तटस्थ राहिलेले रोम्युलन हे बलाढ्य साम्राज्य युद्धात उतरल्याशिवाय ती थांबणार नाही, हे सिस्कोला कळून चुकलेले असते. डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याचा पुरावा मिळवण्याचे काम तो गॅराक या माजी हेराकडे सोपवतो. खरा पुरावा हाती येत नाही, तेव्हा बनावट पुरावा तयार होतो. तो बनवणारा गुन्हेगार बारमालक क्वार्कला भोसकतो, आणि प्रकरण दडपण्यासाठी सिस्को क्वार्कला लाच देतो. ती घेताना क्वार्कला झालेला आनंद पाहून मला अधिक अस्वस्थ व्हायला झाले, कारण प्रत्येकाची काही किंमत असते या त्याच्या श्रद्धेवर एका कॅप्टननेच शिक्कामोर्तब केलेले असते. स्थानकाचा डॉक्टर बशीर मात्र याच कटासाठी धोकादायक रसायन देण्याचा सिस्कोचा हुकूम लेखी मागतो आणि अधिकृत निषेधही नोंदवणार असल्याचे बजावतो. हुकूम पाळूनही ताठ राहता येते, हे दाखवणारा तो छोटासा प्रसंग फार मोलाचा आहे.

‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली आला, आणि ते रणांगणावर घडले. सिस्कोचा रथ खाली येतो तो बंद खोलीत. साऱ्या घटना तो आपल्या वैयक्तिक नोंदीत, थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहत सांगतो. हळूहळू गणवेशाचा कोट उतरतो, हातात पेला येतो. सिस्कोची भूमिका करणारे एव्हरी ब्रुक्स यांचा बाकीच्या मालिकेतला चढा सूर इथे खाली आलेला आहे, आणि अँड्र्यू रॉबिन्सन यांनी साकारलेला गॅराक सिस्कोच्या आत्मसन्मानाची किंमत शांतपणे मोजून दाखवतो.

एक उणीव मात्र खटकते. या योजनेला वरिष्ठांची संमती असल्याचे ओझरते सांगून लेखकांनी तो धागा सोडून दिला आहे. खोटेपणाला मान्यता देणारे वरिष्ठ पडद्यावर दिसायला हवे होते.

अखेरीस सिस्को या साऱ्यासह आपण जगू शकतो, असे पुन्हा म्हणतो. दुसऱ्या खेपेस त्याचा आवाज स्वतःलाच पटवणाऱ्या माणसाचा वाटतो, आणि लगेच तो संगणकाला संपूर्ण नोंद पुसण्याचा हुकूम देतो.