पॉवर स्टीअरिंगच्या नावाखाली खिसा कसा कापला जातो

बिलावर तीन ओळी होत्या. पॉवर स्टीअरिंग ऑइल फ्लश (म्हणजे जुनं तेल काढून नवं भरणं) 1,850, रॅक सील किट 2,400, मजुरी 1,500. एकूण 5,750 रुपये. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. गाडी खालून धुतली होती, ती मात्र झकास.

गाडी 2011 ची डिझेल इनोव्हा. सकाळी पार्किंगमधून काढताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि फरशीवर तेलाचे थेंब दिसायला लागले होते. पुण्यात सातारा रस्त्याला एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, मला खाली बोलावून टॉर्च मारला. रॅकच्या, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या भागाच्या, रबरी बुटावर (टोकावरच्या आवरणावर) तेलाचा थर होता. "साहेब, रॅक गेलाय. नवा टाकायचा तर पंचवीस हजारांच्या पुढे. मी सील बदलून देतो, दोन वर्षं बघायला नको." तेल डोळ्यांना दिसत असताना वाद कोण घालणार?

खरी मेख इथेच आहे. पॉवर स्टीअरिंगच्या तेलाची टाकी वर, इंजिनाच्या कडेला असते. टाकीला तडा गेला किंवा रिटर्न पाइपची (तेल टाकीत परत आणणाऱ्या पाइपची) क्लिप सैल झाली की तेल तिथून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं. म्हणजे गळती टाकीची आणि माखतो रॅक. त्यामुळे ओल कुठे संपते ते बघू नका, वरून कुठून सुरू होते ते बघा. रॅकवरच संशय असेल तर बुटाची क्लिप सोडवून आत बोट फिरवायला सांगा. बूट आतून तेलाने भरलेला असेल तर रॅकचं सील खरंच गेलंय. आत कोरडं आणि बाहेर ओलं असेल तर तेल वरून आलंय. मला दाखवला तो बुटाचा बाहेरचा भाग.

काही दिवस फरशी कोरडी राहिली, मग थेंब परत आले. तेव्हा बॉनेट उघडून टाकीचं झाकण काढलं आणि पांढरा टिश्यू बुडवला. या गाडीच्या पुस्तकात डेक्सरॉन 2 किंवा 3 दर्जाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सांगितलंय. ते नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं लाल, आरपार दिसणारं असतं. टिश्यूवर आलं ते काळपट, करपट वासाचं. मग गाडीखाली वाकून पाहिलं. सील बदलायचे तर रॅक उतरवावा लागतो, त्यासाठी दोन्ही टोकांचे टाय रॉड (रॅक चाकांना जोडणारे दांडे) सोडवावे लागतात आणि सगळं परत बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. माझ्या रॅकच्या बोल्टांवर गंज जसाच्या तसा होता, पाना लागल्याची खूण नाही. नट सुटू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनाही जुन्याच, मातीने माखलेल्या. अलाइनमेंटचा तर बिलात उल्लेखच नव्हता.

गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं. "तेल फिरलं की काळं पडतंच, साहेब." जुने सील दाखवा म्हटलं तर "ते फेकले." सुटा पार्ट बदलला की जुना परत मागायचा, हे काम द्यायच्या आधीच बोलून घ्यावं. नंतर मागितला की तो हमखास फेकलेलाच असतो.

याहून अफाट प्रकार माझ्या मेव्हण्यांच्या बाबतीत झाला. त्यांच्या स्विफ्टच्या सर्व्हिसिंगच्या बिलात "पॉवर स्टीअरिंग ऑइल" म्हणून 900 रुपये लावले होते. स्विफ्टला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे. त्यात मोटर असते. पंप नाही, टाकी नाही, तेलाचा थेंबही नाही. वॅगन आर, आय टेन यांचंही तेच. ज्या वस्तूला गाडीत जागाच नाही ती बदलल्याचे पैसे!

माझ्या गाडीत गळती टाकीचीच दिसत होती, म्हणून ती घरीच बदलायची ठरवली, आणि दुसरा दणका तिथे बसला. नाना पेठेतल्या एका दुकानातून "ओरिजिनल" म्हणून टाकी आणली, 2,100 रुपयांना. डबा, लेबल, पार्ट नंबर, चकचकीत होलोग्राम, सगळं जागेवर. पण जुनी टाकी डिझेलने धुऊन टॉर्चसमोर धरली तर तळाशी बारीक जाळी दिसत होती, नवीत उजेड सरळ आरपार. ती जाळी म्हणजे गाळणी. ती नसेल तर तेलातला कचरा थेट पंपात जातो. पाइपचं नळकांडंही जुन्यापेक्षा किंचित बारीक, म्हणजे क्लिप कितीही आवळली तरी पाझरणारच. कडांना प्लॅस्टिकची कुसळं. डब्यावर छापील किंमत होती, पण बनवल्याचा महिना-वर्ष नाही आणि ग्राहकाने फोन करायचा नंबरही नाही. पाकीटबंद मालावर हे असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि नकली डब्यावर नेमकं हेच राहून जातं. दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही.

शेवटी अधिकृत विक्रेत्याच्या खिडकीवर चासी नंबर देऊन टाकी घेतली. काम खरंच अवघड नाही. चाकांना ओट लावून पुढची बाजू स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये). मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने टाकीतलं तेल ओढलं, रिटर्न पाइप सोडून बाटलीत घातला आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवत उरलेलं काढलं. नवी टाकी, नव्या क्लिपा, तेल खुणेपर्यंत. मग पुन्हा इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. त्यानंतरच स्टार्टर. घाई केली तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि कोरडा फिरलेला पंप खरंच जातो. शेवटच्या टोकाला स्टीअरिंग दाबून धरायचं नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने पॉवर स्टीअरिंगचे रबरी सील खराब होतात. जुन्या टाकीच्या मानेला, क्लिपेच्या खाली, केसाएवढा तडा निघाला. सगळी गळती तिथली.

बोल्टांचे आणि टिश्यूचे फोटो घेऊन पुन्हा गॅरेजवर गेलो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढल्यावर सील किटचे 2,400 परत मिळाले, बाकीवर तो अडून बसला. उरलेल्या रकमेसाठी आणि नकली टाकीसाठी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; 5 लाखांपर्यंतच्या मालाला किंवा सेवेला तिथे तक्रारीची फी नाही, मुदत 2 वर्षांची. दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीवर जीएसटी नंबर नाही, वर नुसतं "एस्टिमेट" लिहिलंय. पैसे मात्र यूपीआयने दिले होते, त्यामुळे तारीख, रक्कम आणि खात्यावरचं नाव हाताशी आहे. टाकी तिच्या डब्यासकट कपाटात ठेवली आहे.