कॅथलिक प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण : दुसऱ्या शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

नाशिकरोड परिसरातील एका इंग्रजी माध्यमाच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत आमची मुलगी तिसरीत शिकते. मैदान, फी आणि बससेवा यांविषयी इतर पालकांनी पुरेसे लिहिले आहे. मी केवळ धर्मशिक्षण आणि शाळेतील श्रद्धाजीवन यांविषयी लिहिते आहे, कारण ही शाळा निवडताना आम्ही प्रामुख्याने त्याचाच विचार केला होता.

कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, तेव्हा उरलेल्या वर्गाला मूल्यशिक्षण असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, आणि शाळा हे काटेकोरपणे पाळते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो वर्गातील प्रार्थनेचा कोपरा. लहानशा टेबलावर बायबल आणि मेणबत्ती असते. खाली अंथरलेले कापड उपासनावर्षाप्रमाणे, म्हणजे चर्चच्या वार्षिक दिनक्रमाप्रमाणे, बदलते : सामान्यकाळात हिरवे, आगमनकाळात (नाताळाआधी) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) जांभळे, नाताळ व पुनरुत्थानकाळात (ईस्टर) पांढरे. ते मुलेच आळीपाळीने बदलतात. त्यामुळे चर्चमध्ये फादरांच्या झग्याचा रंग बदलला की मुलगी त्याचे कारण आपणहून सांगते. ऑक्टोबरातील जपमाळ आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेआधीची प्रार्थना यांतही मुले मनापासून रमतात.

मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना; तिच्यावरील एक पाठ तर विशेष लक्षात राहिला. सिस्टरांनी चषक, तबकडी आणि छोट्या सुरया बाकावर मांडल्या, प्रत्येक मुलाला त्या हाताळू दिल्या आणि द्राक्षरसात पाण्याचा थेंब टाकून दाखवला. तो थेंब पुन्हा वेगळा काढता येईल का, असे विचारून, आपले मानवपण स्वीकारणाऱ्या ख्रिस्ताच्या दैवी जीवनात आपणही सहभागी व्हावे, ही त्या विधीमागची प्रार्थना त्यांनी समजावली. मुलीने घरी येऊन पेल्यात सरबत घेऊन तो प्रयोग धाकट्या भावाला जसाच्या तसा करून दाखवला.

तक्रार आहे ती प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या, तयारीविषयी. पोप दहावे पायस यांनी १९१० साली या संस्काराचे वय साधारण सात वर्षांवर आणले, ते मुलांना प्रभूची ओढ लवकर लागावी म्हणून. पाठांतर लवकर सुरू व्हावे म्हणून नव्हे. शाळेत मात्र स्नेहसंमेलनाच्या सरावासाठी सर्वांत आधी धर्मशिक्षणाचाच तास जातो आणि मग राहिलेला भाग प्रश्नोत्तरे पाठ करून उरकला जातो. सात संस्कारांची नावे आमची मुलगी क्रमाने सांगते, पापनिवेदनाची (त्याआधी धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याची) व्याख्याही तिला येते; पण प्रत्यक्ष पापनिवेदनाला जायचे म्हटल्यावर ती घाबरून रडली. व्याख्येवर गुण देणाऱ्या लेखी परीक्षेत ही भीती कोणाच्याही लक्षात आली नव्हती. आमच्या धर्मग्रामातील (स्थानिक चर्चच्या समुदायातील) रविवारच्या वर्गात फादरांनी मुलांना समोर बसवून नेमके काय घडते, काय बोलायचे आणि मध्येच विसरले तर काय करायचे, हे शांतपणे सांगितले, तेव्हा ती सावरली. पश्चात्तापाची प्रार्थनाही ती तिथेच मराठीतून शिकली.

शाळा आणि धर्मग्राम यांच्यात समन्वय नाही, ही माझ्या मते मूळ अडचण आहे. काही पाठ मुले दोनदा शिकतात, काही एकदाही नाही. चर्चच्या कायद्यातील नियम ९१४ प्रमाणे या तयारीची जबाबदारी प्रथम आईवडिलांवर आणि धर्मगुरूंवर आहे, त्यामुळे सगळा भार शाळेवर टाकणे योग्य होणार नाही. तरीही वेळापत्रकातला तास टिकवणे आणि अभ्यासक्रमाची प्रत फादरांकडे पाठवणे एवढे शाळा सहज करू शकते. पालक सभेत हे मी लेखी मांडले असून मुख्याध्यापिकांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या कॅथलिक पालकांनी धर्मशिक्षण कोण घेते, परीक्षेच्या काळात ते तास होतात का आणि मराठी प्रार्थना शिकवतात का, हे आधी विचारून घ्यावे. धाकट्याचा अर्ज आम्ही याच शाळेत भरला आहे. मात्र दोघांचाही रविवारचा धर्मग्रामातील वर्ग चालूच राहील.