30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर: सात महिने वापरल्यावर

आमच्या ट्रेलरमधल्या छोट्या फ्रीजमध्ये बाबांचं इन्शुलिन असतं. न उघडलेल्या पेनांना 2 ते 8 अंश तापमान लागतं, म्हणून ट्रेलरची बॅटरी उतरली की माझ्या पोटात गोळा येतो. गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी भरणारा हा चार्जर मी त्या काळजीपोटी घेतला. सात महिने वापरल्यानंतर लिहिते आहे.

आधी कसं चालत होतं ते सांगते. पिकअपच्या मागे ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनी सॉकेट असतं आणि त्यातली एक पिन 12 व्होल्ट देते. गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी त्या पिनवरून चार्ज होते, असं मी धरून चालले होते. जुनी लेड-ॲसिड बॅटरी होती तोवर दोन-तीन अँपिअर यायचे आणि कसंबसं भागायचं. मग 100 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवली आणि परिस्थिती सुधारायच्या ऐवजी बिघडली. चार तास गाडी चालवून थांबलो, तर बॅटरी निघताना होती त्यापेक्षा कमी! डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. जवळजवळ तीन अँपिअर उलटे वाहत होते, ट्रेलरकडून पिकअपकडे.

कारण साधं आहे. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र, इंधन वाचवण्यासाठी स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. माझ्या गाडीत तो सुरुवातीची काही मिनिटं 14.3 व्होल्ट देतो आणि मग 12.7 वर येऊन बसतो. लिथियम फॉस्फेट बॅटरी अर्धी रिकामी असली तरी 13.1 व्होल्टच्या आसपास असते. पाणी उताराकडे जातं तसा करंट जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे जातो, आणि इथे उंचावर माझी बॅटरी होती.

डीसी-डीसी चार्जर अल्टरनेटरकडून मिळेल ते व्होल्टेज घेतो, 12 असो की 14, आणि ट्रेलरच्या बॅटरीला हवं तेवढं करून देतो. माझ्या बॅटरीसाठी मी 14.2 ठेवलं आहे. तो मी ट्रेलरमध्ये, बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवला आहे. कारण वायरमध्ये जे व्होल्टेज पडायचं, म्हणजे वाटेत कमी व्हायचं, ते चार्जरच्या आधी पडलं तर तो भरून काढतो. त्याच्या पुढे पडलं तर ते बॅटरीला कमीच मिळतं.

आता वायरबद्दल, कारण निम्मं यश त्यात आहे आणि खोक्यावर त्याचा एक शब्दही नाही. 30 अँपिअर बाहेर हवे असतील, तर आत सुमारे 40 अँपिअर घ्यावे लागतात. पिकअपच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत माझं अंतर 8 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 16. सात पिनी सॉकेटमागची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची होती. तिच्यातून 40 अँपिअर ओढायचे म्हटले तर हिशेबाने चार व्होल्टच्या वर वायरमध्येच जातात, आणि ती तापते ते वेगळंच. मी 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. पूर्ण भारावर मोजलं तर कनेक्टर धरून 0.8 व्होल्ट पडतात. एवढं चार्जर सहज सांभाळतो.

निगेटिव्हसाठी चासीवर किंवा टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) भरवसा ठेवू नका. गंज आणि ग्रीस यांतून 40 अँपिअर नीट जात नाहीत. मात्र पुढे, पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर (छोटा डबा) असेल, तर आपली केबल थेट त्या टर्मिनलला लावू नका, चासीच्या बाजूला लावा. थेट लावली तर सेन्सरला आपला करंट दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. मी आधी थेट लावली होती. धाकट्या भावाने बघितलं आणि म्हणाला, "ताई, हा डबा कशासाठी आहे माहीत आहे का तुला?" नव्हतं माहीत. अर्ध्या तासात बदलून घेतली.

फ्यूज दोन लावले आहेत: पिकअपच्या बॅटरीजवळ 60 अँपिअरचा आणि ट्रेलरच्या बॅटरीजवळ 40 चा. बॅटरी दोन्हीकडे आहे, म्हणजे मध्ये केबल घासली तर आग दोन्हीकडून लागू शकते. मधल्या जोडणीला राखाडी रंगाचा 50 अँपिअरचा अँडरसन कनेक्टर आहे. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, अंधारातही उलटा बसत नाही. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, हातोडीने ठोकून बसवू नका, ती दाबून बसवणारा हायड्रॉलिक क्रिम्पर कुणाकडून तरी मागून आणा. मी पहिला लग पक्कडीने दाबला होता, तो गरम होताना हाताला जाणवला आणि सगळे पुन्हा केले.

ज्या गोष्टीने माझे दोन दिवस खाल्ले, तीही लिहिते. चार्जर बसवला, त्याच्या फोनवरच्या ॲपवर 30 अँपिअर दिसले, आनंद झाला. पण बॅटरीच्या मीटरवर मात्र जेमतेम 20. उरलेले कुठे जात होते? सात पिनी सॉकेटची 12 व्होल्टची पिन अजून ट्रेलरच्या बॅटरीला जोडलेलीच होती. चार्जरने वाढवलेल्या व्होल्टेजमुळे करंट त्या बारीक वायरने पुन्हा पिकअपकडे जात होता आणि तिथून परत चार्जरमध्ये, गोल गोल. पिकअपच्या फ्यूज बॉक्समधला त्या पिनचा फ्यूज काढला आणि लगेच 28 दिसले, बाकीचे फ्रीज घेत होता. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ असायला हवी होती. एक मात्र सांभाळा: ट्रेलर निसटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो. पिनची वायर सोडवताना त्याची वायर सुटली नाही ना, ते स्विचची दोरी ओढून तपासा.

इंजिन चालू आहे की नाही हे चार्जर व्होल्टेजवरून ओळखतो, असं खोक्यावर लिहिलं आहे. माझ्या गाडीत ते जमलं नाही. अल्टरनेटर 12.7 वर उतरला की चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं आणि तो झोपी जातो. चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एका फ्यूजवरून बारीक वायर चार्जरच्या रिमोट टर्मिनलला (चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या टोकाला) आणली, तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. तुमची गाडी नवी असेल तर ही वायर केबलसोबतच टाकून घ्या. नंतर पुन्हा गाडीखाली झोपावं लागत नाही.

परिणाम? अडीच तासांच्या रस्त्यात बॅटरी 25 टक्क्यांवरून 95 वर गेली, फ्रीज चालू असताना. पूर्वी प्रत्येक थांब्यावर बाबा विचारायचे, "फ्रीज चालू आहे ना गं?" आणि मी आधी मागे जाऊन मीटर बघायचे, मग उत्तर द्यायचे. आता जागेवरूनच सांगते.

दोन तक्रारी आहेत. एक, तो खूप तापतो. मी सुरुवातीला बंद कप्प्यात आडवा बसवला होता आणि भर दुपारी करंट 22 अँपिअरवर आला, कारण तापला की तो स्वतःच काम कमी करतो. उभा बसवून वर-खाली चार बोटं मोकळी जागा आणि कप्प्याला जाळी केली, आता सहसा 28 च्या खाली जात नाही. दुसरी तक्रार मोठी आहे: करंट कमी करण्याची सोय नाही. गर्दीत इंजिन नुसतं सुरू असताना अल्टरनेटरला वारा मिळत नाही, फिरण्याचा वेगही कमी असतो, आणि तेव्हाही हा 40 अँपिअर ओढतो. माझा अल्टरनेटर 150 अँपिअरचा आहे, त्याला झेपतं. तरी बराच वेळ थांबावं लागलं तर मी ॲपवरून चार्जर बंद करते. लहान अल्टरनेटरवाल्यांनी 18-20 अँपिअरचा चार्जर घ्यावा.

पाचपैकी चार तारे. एक तारा करंटच्या सोयीसाठी कापला. ज्यांची बॅटरी लेड-ॲसिडची आहे आणि अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा, सतत 14 च्या वर राहणारा, त्यांनी आधी फक्त जाड केबल आणि रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून बघावं. त्यांना कदाचित हा चार्जर लागणारही नाही.